हळदीची गाणी माडीवर अडकली

माझ्या मुलीची, सायलीची हळद साडेतीन तास उशिरा दळली गेली, त्याचं कारण आम्ही सफाळ्याच्या व्याह्यांना मुहूर्त असं सांगितलेलं आहे. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी कृपया इथेच थांबावं. मुहूर्तच होता. बाकीच्यांनी पुढे वाचायला हरकत नाही, कारण बाकी सगळ्या बोईसर-पालघरात ही गोष्ट माझ्याआधी पोचलेली आहे, आणि तीही माझ्या मेहुण्याच्या तोंडून! म्हणजे त्यात माझी बाजू नावालाही नसणार.

मी मूळचा कराडकडचा. तीस वर्षांपूर्वी तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात चिकटलो, जवळच्या पाम गावच्या मंदाशी लग्न केलं आणि बेटेगावात घर बांधलं. आमच्या विभागाचं काम म्हणजे कारखान्यातल्या झाडून सगळ्या मीटरांच्या काट्यांवर नजर ठेवायची आणि जे बिघडेल ते उघडायचं. तीस वर्षं हेच केलं की माणसाची अशी समजूत होते की जगात जे जे बिघडतं ते त्याच्याच नावावर आलेलं आहे. ह्या समजुतीचा पहिला तडाखा माझ्या सासरला बसला. पामला गेलो की मी चपला काढायच्या आधी पिशवीतला टेस्टर काढायचो. विहिरीवरचा पंप, मिक्सर, टीव्हीचा अँटेना, काही म्हणून सोडलं नाही. मी पंपाकडे वळलो की सासूबाई लगबगीनं पुढे यायच्या आणि म्हणायच्या, "जावयबापू, तुमी बसा. मी चाय ठेवते." पंधरा वर्षं मी त्याला जावयाचा मान समजत होतो.

सासूबाई गायच्या. लग्नातली गाणी. आसपासच्या दहा गावांत कुणाचीही हळद असली की आधी त्यांना बोलावणं यायचं. मंदाच्या माहेरी रीतच आहे, पहिलं गाणं सुरू झाल्याशिवाय हळदीच्या जात्याला कोणी हात लावायचा नाही. त्या गाण्यात गावदेवीला, खाडीला, वेशीवरच्या चिंचेला, घराच्या उंबऱ्याला, सगळ्यांना नाव घेऊन लग्नाचं आमंत्रण असतं. सासूबाई ओळ टाकायच्या आणि त्यांची जिवाभावाची मैत्रीण ताराकाकी ती झेलायची. कुठे लिहून ठेवलेलं नाही, कुणी शिकून घेतलं नाही. सतरा वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याच्या, जनूच्या हळदीला मी एक छोटा रेकॉर्डर घेऊन गेलो आणि तासभराचं गाणं भरून आणलं. सासरसाठी मी केलेलं तेवढं एकच काम धड झालेलं आहे (सुरुवातीची पाच मिनिटं सोडून. तिथे नुसती खरखर आहे, ती मी नेहमी पुढे ढकलतो).

सासूबाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली. दर माघात त्यांच्या पुण्यतिथीला आम्ही ते गाणं लावतो, आणि मंदा स्वयंपाकघरात जाऊन उगाचच डबे पुसत बसते. डबे स्वच्छ असतात.

ते गाणं राहतं आमच्या माडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये. त्यात मी विंडोजच्या जागी लिनक्स घातलेलं आहे. एक तर ते फुकट, दुसरं म्हणजे व्हायरसची कटकट नाही, आणि तिसरं म्हणजे आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडे नाही. (तिसरं कारण मी लोकांना शेवटी सांगतो, पण ते पहिलं आहे.) शिवाय मी त्याची भाषा मराठी करून घेतली. त्यामुळे तो मला "आपण" म्हणतो, "कृपया" म्हणतो. घरात मला मानानं बोलणारं तेवढं एकच कोणीतरी आहे.

सायलीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला विचारलं, की बाई, तुला काय हवं ते सांग. आता ही सोन्याचं काहीतरी सांगणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. ती म्हणाली, "बाबा, माझी हळद आजीच्या गाण्यावर दळायची. मोबाइलवर पिपाणीसारखं नको. मोठ्या आवाजात, मांडवात. ताराकाकीला पण आणायचं. बाकी काही नको मला." तिला लहानपणी झोपवायचं गाणंही तेच होतं. मी हो म्हणालो.

मंदा म्हणाली, "पेनड्राइव्हवर घ्या आणि लावा टीव्हीला."

आता हे म्हणजे इन्स्ट्रुमेंटवाल्याला हातात फुंकणी देण्यासारखं झालं. मी तिला समजावून सांगितलं, की माडीवर कॉम्प्युटर, खाली मांडवात टीव्ही, टीव्हीला जोडलेला माझा जुना लॅपटॉप (त्यातही लिनक्स, तोही मराठी), आणि दोघांच्या मध्ये साठ फूट केबल. गाण्यांचं फोल्डर वरून शेअर करायचं, खाली बसून उघडायचं. गाणीच काय, फोटोही दिसतील. मंदानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की मग पेनड्राइव्ह कधी घेताय. त्यानंतर आठवडाभर मी शिडीवर होतो. केबल माडीच्या खिडकीतून काढून पन्हळीच्या कडेनं मांडवात उतरवली. चाचणीही घेतली: लॅपटॉपवर वरच्या कॉम्प्युटरचं नाव दिसलं. नाव दिसलं म्हणजे काम झालं असं समजून मी शिडी परत केली.

इथे लोणच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मंदानं उन्हाळ्यातच लग्नासाठी म्हणून कैरीचं लोणचं घातलं होतं. येणारा-जाणारा त्यात ओला हात घालतो म्हणून तिनं बरणीच्या गळ्याला चक्क लाल टॅग बांधला. आमच्या कारखान्यात असतो तसा, "धोका, हात लावू नये" लिहिलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कारखान्यात कुठल्याही यंत्रावर काम करायच्या आधी ते बंद करून कुलूप घालतात आणि वर लाल टॅग टांगतात. टॅगच्या मागे कोणी बंद केलं, का केलं, उघडायचं कसं, सगळं लिहायचं. आणि नियम असा की ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. मॅनेजर आला तरी टॅगला बोट लावत नाही. त्यामुळे लाल टॅग दिसला की माझा हात आपोआप मागे येतो. आपल्या बायकोनं घरात कारखान्याची शिस्त आणली म्हणून मी खूश झालो, चार लोकांना सांगितलं, आणि सहा महिने त्या बरणीच्या जवळ गेलो नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी आठला पामहून टेम्पो आला. अकरा बायका उतरल्या आणि शेवटी जनूनं ताराकाकीला अलगद धरून उतरवलं. काकी ऐंशीच्या पुढे गेली आहे, डोळ्यांनी फारसं दिसत नाही. जात्याजवळ तिला खुर्ची दिली. तिनं चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं. "लाव रे बाबा," ती मला म्हणाली. "मना तिला आयकायचा हाय." अकरा बायका जात्याभोवती बसल्या. हळकुंडं सुपात. सायली पिवळी साडी नेसून पाटावर. मी लॅपटॉपसमोर बसलो, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि बटण दाबलं.

टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: "आपणास हे फोल्डर पाहण्याची परवानगी नाही."

"मंग कोनाला हाय?" एका बाईनं विचारलं.

मी हसलो. असं होतं कधीकधी, म्हणालो. लॅपटॉप बंद करून चालू केला. परवानगी नाही. वर जाऊन कॉम्प्युटर बंद करून चालू केला, खाली आलो. परवानगी नाही. दोन्ही एकदम बंद करून एकदम चालू करायचे म्हणून वर जनूला बसवलं आणि जिन्यातून "एक, दोन, तीन" ओरडलो. नाही म्हणजे नाही.

जनूबद्दल सांगायचं राहिलं. बोईसर स्टेशनजवळ त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तो कव्हरं विकतो म्हणजे त्याला आतलंही सगळं कळतं अशी पामकरांची श्रद्धा आहे. ह्याच जनूनं शिमग्याला आमच्याकडे येऊन कॉम्प्युटरमध्ये स्वतःचे होळीचे व्हिडिओ भरले आणि जागा करायची म्हणून सायलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो पुसून टाकले होते! ते कचरापेटीतून परत काढता काढता माझे तीन दिवस गेले. त्यानंतर मी योग्य तो बंदोबस्त केला होता. असो. तर जनू खाली आला आणि म्हणाला, "भाऊजी, पेनड्राइव्ह हाय का?"

मी त्याला नेटवर्क म्हणजे काय ते सांगायला घेतलं. खरं तर त्या क्षणी मी पेनड्राइव्ह घेतला असता तरी चाललं असतं असं नाही, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पिंग केलं. पिंग म्हणजे शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारायची. ओ आली तर माणूस घरात आहे. वरच्या कॉम्प्युटरकडून ओ येत होती. एकदा नाही, लागोपाठ, अगदी नियमानं. मी ताराकाकीला सांगितलं, की बघ काकी, घरात आहे, ओ देतोय, फक्त दार उघडत नाही.

"तुज्यावर रागावलाय काय तो?" काकी म्हणाली.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आता मुकाट्यानं वर जाऊन त्या फोल्डरपाशी बसायचं सोडून मी केबलच्या मागे लागलो. कारण परवानगी वगैरे गोष्टी न दिसणाऱ्या असतात आणि केबल दिसते. आमच्या विभागात जे दिसतं त्यावर आधी संशय घ्यायची पद्धत आहे. केबल कुठे दबली असेल म्हणून मी ती पन्हळीपासून हातानं चाचपत निघालो आणि मांडवात येऊन एक हिसका दिला. मांडववाल्यानं झेंडूचं अख्खं तोरण माझ्याच केबलला बांधलेलं होतं! तोरण सुटलं आणि जात्याभोवतीच्या बायकांवर येऊन पडलं. दोघी किंचाळल्या. एकीच्या गळ्यात ते अगदी हारासारखं पडलं आणि ती बिचारी तशीच बसून राहिली, कारण तिला वाटलं की हा कराडकडच्या लोकांचा काही विधी असेल.

केबल मात्र ठणठणीत होती. मग मी राउटर बंद करून चालू केला. त्यामुळे सायलीच्या मैत्रिणींचा कुठलासा व्हिडिओ अर्ध्यात गेला आणि त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की मी काही लग्नघरातला नव्हेच. मग मी दोन्ही यंत्रांची नावं बदलली. त्याचा परिणाम एवढाच झाला की आधी निदान वरच्या कॉम्प्युटरचं नाव तरी दिसत होतं, ते दिसेनासं झालं. ते परत आणायला पाऊण तास गेला. आणि आणलं तेव्हा तो पुन्हा तितक्याच आदरानं म्हणाला, आपणास परवानगी नाही.

दहा वाजत आले. व्याह्यांचा फोन आला, की नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आमची माणसं निघताहेत, साडेअकरापर्यंत पोचतील. इकडे आमचं जातं जागचं हललेलं नाही. बायकांपैकी कोणीतरी हळूच सुचवलं की गाणं मागाहून लावू, आधी दळून घेऊ. सायलीनं मान खाली घातली आणि साडीच्या काठाशी चाळा करत बसली. मुलगी मोठी झाली की बापाला काही मागत नाही. हिनं एक मागितलं होतं. मला माझीच इतकी चीड आली की काय सांगू.

शेवटी मी आमच्या विभागातल्या पांडेला फोन लावला. पांडे गोरखपूरकडचा, माझ्या हाताखाली वीस वर्षं आहे, आणि कॉम्प्युटरमधलं त्याला माझ्यापेक्षा बरं कळतं (हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही). हातात केबल होती म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. मी सगळी कहाणी सांगितली. पांडेनं थोडा विचार केला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, इतना टेंशन क्यों लेते हो? फॉर्मेट मार दो. एकदम नया हो जाएगा."

मंदाला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण फॉर्मेट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं, एवढं कळतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पिठाचे हात, कपाळावर केस आलेले.

"त्यात माझी आई आहे," ती म्हणाली. "कळतंय ना तुम्हाला?"

मी फोन बंद केला. ताराकाकीला काय ऐकू आलं कोणास ठाऊक, ती नुसती मान हलवत होती. मी म्हणालो, "पेनड्राइव्ह दे." माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात महागडं वाक्य आहे. जनूनं खिशातून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. तो सकाळपासून घेऊनच फिरत होता. हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

वर गेलो. खुद्द कॉम्प्युटरसमोर बसलो. "गाणी" ह्या फोल्डरवर बोट दाबलं. आणि माझ्याच घरात, माझ्याच माडीवर, माझ्याच पैशाच्या कॉम्प्युटरनं मला सांगितलं, की आपणास परवानगी नाही. म्हणजे भांडण नेटवर्कचं नव्हतंच! फोल्डरलाच कुलूप होतं. मुख्य पासवर्ड द्या, असं तो म्हणत होता. मी दिला. चुकीचा. लग्नाची तारीख दिली, गाडीचा नंबर दिला, सायलीचं नाव सरळ दिलं, उलटं दिलं. सगळं चुकीचं. कॉम्प्युटर रोज आपोआप उघडत असल्यामुळे पासवर्ड म्हणून काही असतो हेच मी विसरून गेलो होतो. माघात तर गाणं छान लागलं होतं. मग मध्येच हे कुलूप घातलं कोणी? मी जनूवर संशय घेतला. लगेच मनातल्या मनात त्याला चार शब्द सुनावलेही.

खाली येऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. आचारी म्हणाला भात तयार आहे, पामची माणसं पहाटेपासून उपाशी आहेत. म्हणून मंदानं पंगत बसवली. मलाही ताट दिलं. ताराकाकीची खुर्ची माझ्या शेजारी आणून ठेवली होती. ती चाचपडत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, की राहू दे, तिचा आवाज मना पाठ हाय, मी मनातल्या मनात आयकन. मी नुसता भात कालवत राहिलो. मंदा वाढता वाढता म्हणाली, जरा ती लोणच्याची बरणी आणा.

"तिला टॅग आहे," मी म्हणालो. सवयीनंच बोललो. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा."

"मग काढा की," मंदा म्हणाली. "अक्षर तुमचंच आहे."

मी ताट खाली ठेवलं. स्वयंपाकघरात गेलो. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या बरणीच्या हाताच्या अंतरावर उभा राहिलो. टॅगवर माझंच अक्षर होतं. शिंदे, इन्स्ट्रुमेंट विभाग. मी मंदाला विचारलं हा कुठून आणला. ती म्हणाली, माडीवरच्या कॉम्प्युटरला बांधलेला होता, तिथे कोणी जात नाही, उगाच धूळ खात होता, म्हणून मी इथे आणला. तारही चांगली होती.

मी टॅग उलटा केला. मागे छापील रकाने, आणि ते मी शिस्तीत भरलेले. यंत्र: गाणी व फोटो. बंद करण्याचे कारण: जनू. बंद करणारा: मी स्वतः. उघडण्याची किल्ली: आणि पुढे सोळा अक्षरांचा पासवर्ड.

सगळं लख्ख आठवलं. शिमग्याच्या त्या तीन दिवसांनंतर मी तणतणत वर गेलो होतो आणि फोल्डरला असं कुलूप घातलं होतं की जनूच काय, कोणीच उघडू शकणार नाही. पासवर्ड नवा, कठीण, कुणाला सुचणार नाही असा. मग तो टॅगवर लिहून टॅग कॉम्प्युटरला बांधला आणि निर्धास्तपणे विसरलो. टॅगची गंमतच ही आहे, की एकदा लिहून टांगला की माणसानं लक्षात ठेवायची गरज उरत नाही. पण टॅग जागेवर असेल तर!

टॅग सोडवायला गेलो तर तार बरणीच्या गळ्याला पक्की पिळलेली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी बरणी उचलली. सफाळ्याची मंडळी उष्टी हळद घेऊन मांडवात शिरत असताना नवरीचा बाप पाच किलो लोणचं छातीशी धरून जिना चढत होता. पुढे व्याही, मागे विहीण. त्यांनी हात जोडले. माझे हात मोकळे नव्हते, म्हणून मी बरणी जराशी वाकवली. "मुहूर्त आहे," माझ्या मागून जनू त्यांना म्हणाला, आणि तो शब्द मग सगळ्यांनी धरून ठेवला.

माडीवर जनू माझ्या पाठोपाठ आला. मी टाइप करतो, तू वाच, म्हणालो. त्यानं टॅग हातात घेतला आणि पहिल्या रकान्यापासून वाचायला सुरुवात केली.

"भाऊजी," तो म्हणाला. "कारन मी?"

"पुढे वाच."

"कारनाच्या जागी निसता जनू लिवलाय."

मी त्याची माफी मागितली. खरोखर मागितली, कारण मघाशी मी त्याला मनात जे काही म्हटलं होतं तेही त्यात धरायचं होतं. जनू कुरकुरत वाचत गेला. पंधरा अक्षरं ठीक होती. सोळाव्यावर लोणच्याचं तेल मुरलेलं. तो म्हणे तीन आहे, मी म्हणे आठ. तीन चुकलं, आठ चुकलं. मग शून्यापासून एकेक आकडा घालत गेलो. सहावर कुलूप उघडलं. "खाली जा आणि लाव," मी जनूला म्हणालो, आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत गेला.

मी खुर्चीत मागे टेकलो. खालून टीव्हीचा आवाज आला. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की जनूला सुरुवात पुढे ढकलायचं सांगितलेलं नाही. मी उठून धावलो. जिन्याच्या मध्यावर पोचेपर्यंत उशीर झाला होता. सगळ्या मांडवात, साठ फूट केबलमधून, अगदी स्वच्छ, माझाच सतरा वर्षांपूर्वीचा आवाज घुमत होता.

"कोणी बोलू नका. हॅलो, हॅलो. मंदा, दिवा लागतोय का बघ. लाल लागला पाहिजे. नाही लागला. थांबा, कोणी हलू नका, ह्याची सेटिंग बिघडली आहे. जनू, तू हात लावला होतास का? हॅलो. मी उघडून बघतो..."

असं चार मिनिटं. मांडवात कोणी हललं नाही. व्याही टीव्हीकडे बघत होते, मग हळूच माझ्याकडे बघू लागले. आणि मग रेकॉर्डिंगमध्ये बांगड्या वाजल्या आणि नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माझ्या सासूबाई, अगदी शेजारी बसल्यासारख्या, म्हणाल्या,

"जावयबापू, तुमी त्याला हात लावू नका. आपोआप होल. तुमी बसा बगू."

आधी ताराकाकी हसली. मग मंदा. मग पामच्या अकराही बायका, मग व्याही, आणि सायली तर पाटावरून पडायची बाकी होती. मी जिन्यातच बसलो. सांगितलं होतं ना, बसा म्हणून. आणि ते हसू ओसरायच्या आत गाणं सुरू झालं. सासूबाईंनी पहिली ओळ टाकली. रेकॉर्डिंगमधल्या ताराकाकीनं ती झेलली आणि खुर्चीतल्या ताराकाकीनंही झेलली, थरथरत्या, चिरकलेल्या आवाजात, पण शब्द न चुकता. बायकांनी जात्याच्या खुंट्याला हात घातला. मंदा ह्या वेळी डबे पुसायला आत गेली नाही. ती तिथेच, सगळ्यांसमोर, सायलीचा हात धरून रडत होती आणि मध्येमध्ये हसत होती, कारण सासूबाईंनी सांगून झालं तरी मागे बारीक आवाजात माझं "हॅलो, हॅलो" चालूच होतं.

सायली आता सफाळ्याला असते. जाताना तिनं ते गाणं मागून नेलं. पेनड्राइव्हवर. मी म्हटलं थांब, सुरुवातीची पाच मिनिटं कापून देतो, तर ती म्हणाली खबरदार, एक सेकंदही कापायचा नाही. परवा तिच्याकडे गेलो तेव्हा त्यांच्या टीव्हीवर दिसलं, फाइलचं नावही तिनं बदललं आहे. आता ते आहे: "आजी आणि खरखर". तिच्या नळाला थोडी गळती होती म्हणून मी पिशवीतून पाना काढला, तर व्याही लगबगीनं पुढे आले आणि म्हणाले, तुम्ही बसा, चहा ठेवतो.